वाघ्या घेवड्याचा मिनिस्टर

मॅकरोनीचं शेवटचं पाकीट माझ्या हातात होतं. म्हणजे पाकिटाचं एक टोक माझ्या हातात होतं… दुसरं टोक एका अनोळखी माणसाने धरलेलं होतं.

"सोडा ना," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा की," तो म्हणाला.

पंच्याण्णव सालचा नोव्हेंबर, आणि साताऱ्यात पोवई नाक्याजवळचं ज्ञानूशेठचं किराणा दुकान. आमच्या भागात मॅकरोनी मिळायची ती इथेच, तीही महिन्यातून दहा-बारा पाकिटं. मी मान वर केली. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चपलांना शेतातली ओली माती. आणि डोळे असे, की भांडतानाही हसतायत. मला असे डोळे आवडत नाहीत. म्हणजे तोपर्यंत आवडत नव्हते.

"माझ्या क्लाससाठी हवंय. चौदा मुली वाट बघतायत."

"माझ्याकडे एकच म्हातारा वाट बघतोय. पण तो चौदा जणींना भारी आहे."

"म्हाताऱ्या माणसाला मॅकरोनी कशाला?"

"त्यांना मिनिस्टर खायचाय."

मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी गडबड झाली. "काय खायचाय?"

"मिनिस्टर."

"कुठल्या खात्याचा?" मी विचारलं.

ज्ञानूशेठ तराजू हातातच धरून हसत सुटले. तो मात्र लाजला… चांगला कानापर्यंत लाजला, आणि त्याने पाकीट सोडून दिलं. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

मग त्याने सांगितलं. त्याचे आजोबा, नाथाजी आबा, तरुणपणी मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईवर गेले होते. चव्वेचाळीसच्या थंडीत त्यांचा आठ दिवस एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम पडला. त्या घरची म्हातारी रोज एक गरम, पातळसर पदार्थ वाडगाभर वाढायची. त्याचं नाव मिनिस्टर. आता दिवाळीआधी आबांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. मऊ भात नको, लापशी नको, मुगाचं कढण तर समोर आणायचं नाही. पन्नास वर्षांत ज्याचं नाव काढलं नव्हतं, ते मात्र रोज मागत होते.

"त्यात भोकाच्या शेवया होत्या एवढंच त्यांना आठवतंय," तो म्हणाला. "म्हणून हे पाकीट बघत होतो."

आता माझ्याबद्दल सांगते. मी चारुशीला, मूळची सांगलीची. होमसायन्सची पदवी घेऊन साताऱ्यात आत्याकडे राहत होते आणि तिच्या पुढच्या खोलीत क्लास घेत होते. बाहेर पाटी होती : 'चारुशीला पाककला वर्ग. बेकरी, चायनीज, इटालियन.' त्यातला इटालियन हा शब्द पाटी भरायला टाकलेला होता. माझं सगळं इटालियन मासिकांच्या कात्रणांतलं. मैद्याचा पांढरा सॉस, डब्यातलं चीज, वर टोमॅटो केचप, आणि ते सगळं भट्टीत. पण त्या हसऱ्या डोळ्यांपुढे माझ्यातली क्लासची बाई जागी झाली.

"त्यांना मिनेस्ट्रोने म्हणायचं असेल," मी नाक वर करून म्हणाले. "इटालियन सूप आहे. मी शिकवते ते."

साफ खोटं. मी ते फक्त वाचलं होतं.

"मग मॅडम, येता का आमच्याकडे?" तो म्हणाला. "कोरेगावच्या पुढे चार मैलांवर आमची वस्ती आहे. मी शंभूराज फाळके."

आमच्याकडची खेड्यातली मुलं अनोळखी मुलीला सरळ ताई म्हणतात. हा मॅडम म्हणाला. हे मी लगेच टिपलं, आणि टिपलं म्हणून स्वतःवर चिडले.

चिडायला कारण होतं. त्याच सकाळी सांगलीहून बाबांचं पत्र आलं होतं. पुण्याच्या धवलकडून होकार आला होता. धवल कॉम्प्युटर कंपनीत होता, स्वभावाने शांत, घरचं सगळं चांगलं. मी त्याला एकदाच पाहिलं होतं आणि नाही म्हणण्यासारखं मला काही सापडलं नव्हतं. हो म्हणण्यासारखंही सापडलं नव्हतं, पण ते कुणी विचारत नाही. बाबांनी लिहिलं होतं, 'तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण दत्तजयंतीपर्यंत काय ते सांग.' दत्तजयंतीला महिना होता.

आत्या म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला चव आणायला जातेस ना, मग जा. दिवसाउजेडी परत ये म्हणजे झालं."

मी गेले.

शंभूराजची वस्ती म्हणजे उसाच्या मधोमध एक बैठं घर, पुढे फरशी घातलेलं अंगण आणि ओट्यावर बाजेवर बसलेले आबा. कानटोपी, खाकी स्वेटर, मिशा पांढऱ्या पण ताठ. शंभूराजचे वडील फौजेत, जम्मूला. घरात शंभूराज, आबा आणि शंभूराजची आई, रंगूबाई.

मी माझी सगळी आयुधं घेऊन गेले होते. केचप, कॉर्नफ्लॉवर, डब्यातलं चीज, मॅकरोनी. तासाभरात लालभडक, दाट सूप तयार केलं, वर चीज किसलं आणि वाडगा आबांपुढे ठेवला. आबांनी चमचा बुडवला. चमचा वर आला, त्याबरोबर निम्मं सूपही वर आलं.

"शंभू," आबा म्हणाले, "विलेक्शन आलंय का रं?"

"नाही, आबा. का?"

"न्हाई, पोस्टर चिकटवायची खळ केलीया म्हनून इचारलं."

शंभूराज खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला, आणि बाहेर त्याचा खोकला बराच वेळ चालला.

"वाईट वाटून घिऊ नगंस, पोरी," आबा म्हणाले. "तू लय शिकल्याली हायस. पर ह्यो मिनिस्टर न्हाई."

परत येताना त्याच्या जीपमध्ये मी तोंड फिरवून बसले होते. कोरेगाव ओलांडल्यावर तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुम्ही याआधी कधी केलं होतं हे?"

"…नाही."

"कुणी केलेलं खाल्लं होतं?"

"नाही."

"मग पाटीवर इटालियन का लिहिलंय?"

"नुसतं बेकरी आणि चायनीज लिहिलं असतं तर पाटी रिकामी दिसली असती."

तो इतका हसला की त्याला जीप बाजूला घ्यावी लागली. मी रागाने बाहेर बघत होते… आणि मग मलाही हसू आलं. खोटं बोलून जे अवघडलेपण आलं होतं ते त्या हसण्यात निघून गेलं. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी फक्त खरं बोलले. एक गोष्ट सोडून. धवलचा विषय मी काढला नाही. विषय निघाला नाही असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे मीच निघू दिला नाही.

पुढचे काही दिवस आम्ही आबांची उलटतपासणी घेतली. म्हणजे प्रश्न मी लिहून द्यायचे, शंभूराज रात्री आबांना विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी काही ना काही काम काढून साताऱ्याला उत्तरं घेऊन यायचा. आत्या एकदा म्हणाली, या मुलाच्या उसाला साताऱ्यात फारच काम असतं बाई.

"सॉस नव्हता," तो सांगायचा. "चीज नव्हतं, फक्त वर चिमूटभर काहीतरी खारट किसायची. मसाला नाही. मिरची नाही."

"मग होतं काय?"

"कांदा, गाजर, कोबी, टोमॅटो. आणि आबा म्हणतात, वाघ्या घेवडा."

"इटलीत कोरेगावचा वाघ्या घेवडा?"

"मीही हेच म्हणालो. तर म्हणतात, मी घेवड्याच्या गावचा हाय, मला शिकवतूस का? लाल पट्टे होते त्याच्यावर, आपल्यासारखेच."

आणि तेल. आबांच्या आठवणीत हिरवट, कडवट वासाचं तेल होतं. म्हणजे ऑलिव्ह. साताऱ्यात ते किराणा दुकानात नाही, औषधाच्या दुकानात मिळायचं, लहानशा बाटलीत. आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं, मग शंभूराजकडे.

"मुलगा की मुलगी?"

मला काही कळलं नाही. शंभूराजला आधी कळलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"मालिशला ना?" दुकानदार म्हणाला. "आंघोळीआधी अर्धा तास लावा. बाळ छान झोपेल."

"बाळ बहात्तर वर्षांचं आहे," शंभूराज गंभीरपणे म्हणाला. "झोपतं चांगलं. खात नाही."

बाहेर येऊन आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून हसलो. हसता हसता त्याचा हात माझ्या हाताला लागला. मग त्याने उगाचच कागद सोडून बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं. बाटली उलटी होती.

दुसऱ्या वेळी मी चुलीवरच केलं. घेवडा रात्रभर भिजवलेला. कांदा शंभूराजने चिरला, आणि इतका बारीक चिरला की मी पाहतच राहिले. तेलात कांदा-गाजर हळूहळू परतलं, टोमॅटो घातला, घेवडा शिजू दिला. हात सारखा मसाल्याच्या डब्याकडे जात होता, तो धरून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न घालता थांबले. शेवटी मूठभर मॅकरोनी आणि मीठ.

आबांनी दोन चमचे घेतले आणि डोळे मिटले. तिसरा घेतला.

"घर बराबर हाय," ते म्हणाले. "दार चुकलंय. तुळस न्हाई."

"तुळस?" रंगूबाई चुलीपासून म्हणाल्या. "आवं आबा, तुळस कुनी कालवनात घालतं व्हय? पाप लागंल."

"लागलंच आसंल. मी आठ दिस खाल्ली. देवाची माफी मागायचो आन् खायचो."

मग आबा त्या म्हातारीबद्दल बोलायला लागले. तिचे दोन्ही मुलगे लढाईत गेलेले. आबांच्या पलटणीने ते गाव घेतलं तेव्हा ती आधी दाराआड लपली होती. तिसऱ्या दिवशी स्वतः वाडगा घेऊन आली.

"तिची भाषा मला कळंना, माजी तिला," आबा म्हणाले. "पर एक सबूद कळला. वाडगा म्होरं ठेवायची, गालाला हात लावायची आन् म्हनायची, माझा, माझा. नाकात बोलायची जरा. पर मराठीच की. मी इक्काविस वर्साचा. घरापास्नं हजारो कोस लांब. परकी बाई मला माझा म्हनती… मी खात व्हतो आन् रडत व्हतो."

रंगूबाईंनी पदराने डोळे पुसले. हे त्यांनीही आज पहिल्यांदाच ऐकलं होतं.

निघताना शंभूराजने आबांच्या लोखंडी ट्रंकेतून एक फाटकं चोपडं मला आणून दिलं. पलटणीत साहेबाने वाटलेलं, इंग्रजी-इटालियन शब्दांचं. कदाचित त्यात तुळशीचा काही पत्ता लागेल म्हणून. मी जीपमध्येच ते चाळायला घेतलं. तुळस सापडली नाही. जेवणाच्या पानावर दुसराच एक शब्द सापडला.

"शंभूराज, जीप थांबवा."

"काय झालं?"

"मांजा. हा बघा. मांजा म्हणजे खा. ती बाई माझा म्हणत नव्हती. ती म्हणत होती, खा, खा."

त्याने चोपडं हातात घेतलं. पान बराच वेळ पाहिलं. मग ते मिटलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं.

"आबांना सांगायचं नाही," तो म्हणाला.

"पण खरं तर—"

"पन्नास वर्षं त्या शब्दावर काढलीयेत त्यांनी. आता त्याचं नुसतं खा कसं करायचं?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता आणि त्याच्या तुऱ्यांवर तिरकं ऊन पडलं होतं. त्या क्षणी मला शंभूराज फाळके हवासा वाटला. आवडत होता तो आधीपासूनच, अगदी पाकीट सोडलं तेव्हापासून. पण हवासा वाटला तो तेव्हा, आणि दत्तजयंती दहा दिवसांवर होती.

"आपल्या दोघांतच राहू दे मग," मी म्हणाले.

"आपल्या दोघांत," तो म्हणाला, आणि हे दोन शब्द त्याने जरा सावकाशच उच्चारले.

रविवारी मी सांगलीला गेले. तुळशीवर उत्तर माझ्या डोक्यात होतं. मिरजेच्या दर्ग्यापाशी फुलवाले गुलाबाबरोबर हिरव्या वासाचा पाला विकतात, सब्जा. दिसायला तुळशीची बहीण, वासाला जास्त गोड. कात्रणांतल्या बेसिलच्या, म्हणजे इटालियन तुळशीच्या, चित्राशी तो हुबेहूब जुळत होता, आणि तो खाल्ल्याने रंगूबाईंना पापही लागणार नव्हतं. फुलवाल्याने मला डालड्याच्या डब्यात मुळांसकट रोप दिलं.

घरी बाबांनी रोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चारू, पुण्याला काय कळवू?"

"दत्तजयंतीपर्यंत आहे ना वेळ?"

"आहे. पण गुरुवारी संध्याकाळी इथे ये आणि समोरासमोर सांग. धवलच्या घरच्यांना मी शुक्रवारी कळवायचा शब्द दिलाय."

बाबा शाळामास्तर होते. मुलांना उत्तर येत नसलं की ते ओरडत नसत, नुसते थांबत. तसेच आता थांबले. मी रोपाला पाणी घालायला उठून गेले.

गुरुवारी सकाळी मी बॅग भरली. दुपारी वस्तीवर जायचं, आबांना शेवटचं खाऊ घालायचं आणि तिथूनच शंभूराज मला सातारा स्टँडवर सोडणार होता. आईला भेटायला जातेय, एवढंच मी त्याला सांगितलं होतं.

त्या दिवशी मी घाई केली नाही. घेवडा मंद आचेवर शिजला. अर्धा घेवडा मी चेचून परत त्यातच घातला, म्हणजे कॉर्नफ्लॉवरशिवाय दाटपणा आला. आबांना अचानक आठवलं म्हणून वाडग्याच्या तळाशी शिळी भाकरी कुस्करली. तिकडे पाव होता, पण शिळाच होता. वरून चमचाभर तेल, आणि अगदी शेवटी सब्जाची पानं हातानेच तोडून टाकली.

वास ओट्यापर्यंत गेला. आबांनी कानटोपी काढली. ते कानटोपी कधी काढत नसत.

त्यांनी पहिला चमचा घेतला. दुसरा, तिसरा. वाडगा रिकामा झाला तसा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी पुन्हा भरला. माझा जीव भांड्यात पडला. रंगूबाई दाराला टेकून सासऱ्याला जेवताना बघत होत्या आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

शंभूराज मात्र वाडगा हातात घेऊन नुसता उभा होता. माझ्याकडे बघत. त्या बघण्याने मला काही सुचेना म्हणून मी कोपराने त्याला ढोसलं आणि आमच्या दोघांतलं गुपित हळूच त्याच्या कानाशी म्हणाले,

"मांजा."

हळूच म्हणाले असं मला वाटलं. ओटा लहान होता.

"काय म्हनलीस, पोरी?" रंगूबाईंनी विचारलं.

मी सब्जाची उरलेली पानं गोळा करायला लागले.

"माझा म्हनली," आबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "आगदी तशीच म्हनली. नाकात. रंगू, आशीच म्हनायची ती."

रंगूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग शंभूराजकडे, त्याच्या कानांकडे. मला अर्थ सांगता येत नव्हता. मी नुसतं खा म्हणाले, असं एक वाक्य बोलले असते तर माझी सुटका झाली असती, पण समोर आबा भरला वाडगा घेऊन बसले होते आणि त्यांची पन्नास वर्षं त्या एका वाक्यावर होती. शंभूराजही तोंड उघडत नव्हता. त्याच कारणाने. किंवा दुसऱ्या कारणाने.

"मला वाटतच व्हतं," रंगूबाई म्हणाल्या. "ह्येच्या उसाला साताऱ्यात येवढं काम कसलं. आता म्हनलीयास तर सांगलीला निरोप धाडाया पायजे. कुनाला धाडायचं, आबा? भावकीतल्या भाऊसोला?"

"थांबा," मी म्हणाले. "मला पुण्याचं स्थळ आलंय. त्यांचा होकार आहे. आज रात्री… मला घरी उत्तर द्यायचंय."

शंभूराजने हातातला वाडगा सावकाश खाली ठेवला. त्याने एक घासही घेतला नव्हता.

जीप साताऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "नाव काय त्यांचं?"

"धवल."

"चांगलं नाव आहे." थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"हो."

"मी काही तक्रार करत नाही. पण मी रोज साताऱ्याला चकरा मारत होतो, बाह्या दुमडून कांदे चिरत होतो… ते काही फक्त आबांसाठी नव्हतं."

मी बाहेर बघत होते. डोळ्यांत पाणी येत होतं आणि या वेळी दोष द्यायला कांदाही नव्हता.

स्टँडवर सांगलीची गाडी फलाटाला लागलेली होती. त्याने माझी बॅग उतरवून घेतली. गाडीच्या दाराशी पोचले आणि माझे पाय अडले. या गाडीत बसून तीन तास विचार केला असता, तर घरी पोचेपर्यंत मी शहाण्यासारखी हो म्हणाले असते. मला माझी खात्री होती. फलाटाच्या टोकाला एसटीडीचं पिवळं बूथ होतं.

"दोन मिनिटं," मी म्हणाले आणि बूथमध्ये शिरून दार लावून घेतलं. काचेच्या पलीकडे तो माझी बॅग हातात धरून उभा होता. त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

"बाबा, पुण्याला नाही कळवा."

पलीकडे ते थांबले. नेहमीसारखे. मग म्हणाले, "दुसरं कुणी आहे?"

"आहे."

"काय करतो?"

"ऊस लावतो. शेतकीची पदवी आहे. कोरेगावजवळ वस्ती आहे."

"आडनाव?"

"फाळके."

या वेळी ते फार वेळ थांबले. आमच्या घरात आजवर कुणी जातीबाहेर गेलं नव्हतं. मी काचेला हात टेकवला. बाहेर शंभूराजने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"त्याच्या घरच्यांना चालतंय?"

"त्यांना चालेल. त्याला अजून विचारायचंय."

"म्हणजे? तू त्याच्याशी बोललीच नाहीस?"

"नाही. आधी तुम्हाला फोन केला."

"चारू," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा बसला होता, "अशा गोष्टी मुली बापाला सगळ्यात शेवटी सांगतात."

"बाबा…"

"तुझी आई रडेल."

"हो."

"मीही चिडणार आहे. चांगला चार दिवस."

"हो, बाबा."

"मग त्याला घेऊनच ये. चिडायला समोर माणूस लागतो."

मी रिसीव्हर ठेवला, बूथवाल्याच्या हातात पैसे कोंबले आणि बाहेर आले. सांगलीच्या गाडीच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. कंडक्टर दारात उभा राहून घंटीच्या दोरीला हात घालत होता.

"झालं बोलून?" शंभूराज म्हणाला. "दिला होकार?"

"नकार दिला."

त्याने बॅग खाली ठेवली.

"मघाशी ओट्यावर मी जे म्हणाले ना," मी म्हणाले, "ते मी खा म्हणाले नव्हते. तुमच्या आईंनी बरोबर ऐकलं. आबांनीही बरोबर ऐकलं. बाबा सांगलीला वाट बघतायत, तुमच्यावर चिडायला. तुम्हाला यायचं नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी—"

"अवो बाई, येनार का न्हाई?" कंडक्टर ओरडला. "गाडी सुटली."

शंभूराज ना हो म्हणाला, ना नाही. त्याने माझी बॅग उचलली, मला पुढे केलं आणि माझ्या मागोमाग गाडीत चढला. त्याच दुमडलेल्या बाह्या, त्याच मातीच्या चपला. स्टँडबाहेर जीप तशीच उभी होती, तिच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. मागच्या बाजूला एकच बाक रिकामा होता. मी खिडकीशी बसले, तो शेजारी. मला त्याच्याकडे बघवेना. अजून उत्तर आलं नव्हतं.

कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन आमच्यापाशी आला.

"कुठं?"

"दोन सांगली," शंभूराज म्हणाला.